साय आणि सायीची भावंडे

पाककृतीत ‘अर्धी वाटी क्रीम’ एवढे तीन शब्द वाचले, की फ्रीजमधले सायीचे भांडे काढावे की वाण्याकडून क्रीमचे खोके मागवावे, असा संभ्रम हल्ली आपल्या बहुतेक स्वयंपाकघरांत उत्पन्न होतो. आणि ज्यांनी त्याचे निरसन करावयाचे ते पाककृतींचे कर्तेच ‘क्रीम किंवा साय’ असे लिहून मोकळे होत असल्यामुळे, पदार्थ बिघडला तर कसूर आपल्या हाताची की जिनसेची, हे करणारीला अखेरपर्यंत उमगत नाही. माझ्या अनुभवात ती बहुधा निवडीची असते. साय विस्तवावर घडते आणि क्रीम चक्राच्या गतीने दुधापासून वेगळे निघते. या जन्मभेदामुळे एकाच दुधाच्या पोटच्या या दोघांचे स्वभाव इतके भिन्न होतात, की एकाच्या जागी दुसरे घालण्यापूर्वी पदार्थ आपल्याजवळ नेमके काय मागतो आहे, याची खातरजमा करून घेणे अगत्याचे ठरते.

मला हे कळले ते एका नुकसानीतून. लग्नानंतर पहिल्याच वर्षी, घरी पंधरा-सोळा माणसे जेवायला असताना, गॅसवर रटरटणाऱ्या टोमॅटोच्या सारात फ्रीजमधून काढलेली गार साय मी तशीच ओतली, आणि पाहता पाहता त्या साराचे एकीकडे तांबडे पाणी आणि दुसरीकडे पांढरे कण झाले. मोठ्या जाऊबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे सार फडक्यातून गाळून घेतले, पुन्हा मीठ-गूळ जुळवला, गॅस बंद केला, आणि उरलेली साय एका वाटीत घेऊन तीत पळीभर कोमट सार घालून घोटता घोटता म्हणाल्या, “आधी रटरट थांबू दे, मग हिला साराची सवय लाव, आणि मगच सोड. दुधाच्या अंगावर आंबट आणि ऊन, दोन्ही एकदम घालायचं नसतं, बाई.” त्या एका वाक्यात दुग्धशास्त्राचा एक आख्खा अध्याय सामावलेला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले.

साय म्हणजे दुधातला नुसता स्निग्धांश, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. दूध तापत असता त्यातील प्रथिनांची घडी उष्णतेने उलगडते, पृष्ठभागावरचे पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते, आणि उलगडलेली ही प्रथिने एकमेकांत गुंतून दुधावर एक सूक्ष्म जाळे विणतात. खालून वर येणारे स्निग्धकण त्या जाळ्यात अडकत जातात, आणि दूध निवू लागले की हे सारे मिळून तो सुरकुतलेला, जाडसर थर बनतो. संस्कृतात सायीला ‘संतानिका’ असे नाव आहे, आणि त्या शब्दाच्या धातूत विस्तारण्याचा, ताणून पसरण्याचा जो अर्थ आहे तो या क्रियेला तंतोतंत लागू पडतो. लखनौकडे तिलाच ‘बालाई’, म्हणजे ‘वरची’, असे फारसी वळणाचे नाव आहे. हे जाळे अंगी असल्यामुळेच साय झाऱ्याने उचलता येते, तिला चावण्याजोगा पदर असतो. आणि त्याच कारणाने ती कितीही फेटली तरी क्रीमसारखी फुलत नाही, फेटणाऱ्याच्या हाती शेवटी गुठळ्या तरी येतात किंवा लोणी तरी येते.

सायीचा विचार दुधापासून करावा लागतो. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारणतः ६ ते ८ टक्के, तर गाईच्या दुधात साडेतीन ते साडेचार टक्के असतो. म्हशीच्या दुधातील स्निग्धकण आकारानेही मोठे असतात, म्हणून सोलापूर-कोल्हापूरकडच्या पंढरपुरी म्हशीच्या निरशा दुधावर जशी भाकरीसारखी साय धरते तशी गाईच्या दुधावर धरत नाही. गाईची साय पातळ असली तरी पिवळसर असते, कारण चाऱ्यातील कॅरोटीन तिच्या स्निग्धांशात उतरते; म्हैस त्याचे जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकते, म्हणून तिची साय शुभ्र. पिशवीचे दूध घेणाऱ्यांनी पिशवीवरचा मजकूर वाचण्याची सवय लावून घ्यावी. डबल टोण्ड दुधात दीड टक्का, टोण्डमध्ये ३ टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये साडेचार आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो. सायीसाठी शेवटचेच घ्यावे. टोण्ड दुधाची कल्पना मुंबईच्या दूधयोजनेचे सूत्रधार दारा खुरोडी यांची. म्हशीच्या दाट दुधात स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून त्यांनी तेवढ्याच दुधात अधिक घरांची तजवीज लावली, आणि १९६३ साली वर्गीज कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लोकहिताच्या दृष्टीने ती योजना अव्वल दर्जाची होती यात शंका नाही. मात्र त्या पिशवीतून सायीची अपेक्षा ठेवणे गैर आहे. त्याचप्रमाणे पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ असे लिहिले असेल, तर त्या दुधातील स्निग्धकण यंत्राच्या दाबाने इतके बारीक केलेले असतात की ते वर येऊच शकत नाहीत. असे दूध चहाला उत्तम, सायीला निरुपयोगी.

साय धरण्याची रीत आमच्या आजीकडून जशी पाहिली तशी सांगते. पातेले रुंद तोंडाचे आणि जाड बुडाचे असावे, आणि दूध ओतण्यापूर्वी ते पाण्याने विसळून घ्यावे, म्हणजे दूध बुडाशी लागत नाही. दूध वर आले की आच अगदी मंद करून आठ-दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. या अवधीतच प्रथिनांचे जाळे पुरते विणले जाते. नंतर त्यावर झाकण न घालता जाळी घालावी, कारण घट्ट झाकणाखाली वाफेचे थेंब जमून पुन्हा दुधावर पडतात आणि साय ओली व विरविरीत राहते. तीन-चार तास हलवाहलव न करता निवू द्यावे, मग रात्रभर गारव्याला ठेवावे. आजीच्या काळी गारवा म्हणजे जाळीच्या दारांचे दुभत्याचे कपाट. पहाटे ती पातेल्याच्या कडेने पातळ उलथने एकदा गोल फिरवीत असे, मग एका बाजूने ते सायीखाली सरकवून अख्खा थर सावकाश उचलीत असे. तो मधोमध दुमडला जाई, त्याच्या खालच्या अंगाला दुधाचे दोन-चार थेंब लोंबत, ते निथळेपर्यंत ती थांबे, आणि मगच तो थर दगडीत ठेवी. निथळण्याचे हे थांबणे क्षुल्लक वाटते. परंतु सायीबरोबर जितके दूध जाते तितकी ती लवकर नासते.

साठवणीच्या बाबतीत दोन घराण्यांची दोन मते आहेत. एक घराणे आठ दिवसांची साय गोडीच साठवून मग विरजते, आणि दुसरे भांड्याच्या तळाशी पहिल्याच दिवशी चमचाभर ताजे दही घालून रोजची साय त्यावर टाकीत जाते. मी दुसऱ्या पक्षाची आहे. दह्याची आंबटाई पहिल्या दिवसापासून पहारा करीत असल्यामुळे साय कडवट होत नाही, तिला शिळा वास येत नाही, आणि घुसळायच्या दिवशी ती आयतीच विरजलेली मिळते. मात्र भाजीत अगर पक्वान्नात वापरावयाची साय निराळ्या भांड्यात, गोडी आणि दोन-तीन दिवसांच्या आतली असावी. विरजणाच्या भांड्यातून चमचा काढून बासुंदीत घालण्याचा मोह कोणी करू नये.

आता सायीचा विनियोग. जेथे पदार्थाला विस्तवावर आटलेल्या दुधाची चव आणि तोंडात येणारा पदर हवा असतो, तेथे सायीला पर्याय नाही. रबडी हे त्याचे ठळक उदाहरण: पसरट कढईत दूध मंद आचेवर ठेवून, येईल ती साय काठाकडे सारीत जायची आणि कडेला चिकटवायची, खालचे दूध तिसऱ्या हिश्श्याहून कमी उरले की साखर घालून कडेची साय सोडवून त्यात लोटायची, त्यातले लच्छे म्हणजे हीच साय. बासुंदीची प्रकृती याच्या उलट. तेथे दूध सतत ढवळून साय मोडीत जायचे असते, आणि नृसिंहवाडीच्या बासुंदीचा जो एकजीव दाटपणा वाखाणला जातो तो या अखंड ढवळण्यातूनच साधतो. शिकरणात, आमरसात, फळांच्या कोशिंबिरीत साय घालायची ती घोटून घालावी, पण अगदी गुळगुळीत करू नये. दशमीची कणीक दुधाबरोबर दोन चमचे साय घालून मळली, तर प्रवासात तिसऱ्या दिवशीही दशमी मऊ राहते. मेथी-मटारसारख्या भाजीत सायीचे काम आणखी निराळे असते. मेथीचा कडवटपणा स्निग्धांशात मुरून सौम्य होतो. तेथे साय आधी तव्यावर किंचित् परतून, तिला बदामी छटा आली की भाजीत मिसळावी. ही खमंग छटा खोक्यातल्या क्रीमला सहसा येत नाही.

क्रीमची हकिकत निराळी. दूध स्वस्थ ठेवले असता स्निग्धकण हलके असल्यामुळे आपोआप वर येतात, परंतु त्याला फार वेळ लागतो. हा वेळ वाचविण्यासाठी गुस्ताफ द लावाल या स्वीडिश अभियंत्याने १८७८ साली दूध गरगर फिरवून क्रीम अखंड वेगळे करणारे यंत्र सिद्ध केले, आणि आज आपल्या दुधाच्या संघांत जो ‘सेपरेटर’ चालतो तो त्याच तत्त्वावर. चक्राच्या वेगाने जड दूध बाहेरच्या बाजूस फेकले जाते आणि हलका स्निग्धांश मध्याशी जमतो. यात विस्तवाचा संबंध नाही, म्हणून प्रथिनांचे जाळे नाही; क्रीम म्हणजे अधिक स्निग्धांशाचे, एकसारखे वाहते दूधच होय. त्यामुळे त्याची चव सौम्य, जवळजवळ उदासीन असते, आणि हीच उदासीनता जेथे मसाल्याला किंवा फळाला पुढे राहू द्यायचे असते तेथे उपकारक ठरते.

क्रीम विकत घेताना नावाकडे न पाहता टक्क्याकडे पाहावे, एवढी माझी आग्रहाची शिफारस आहे, कारण क्रीमचा सारा स्वभाव त्या एका आकड्यात असतो. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात छोट्या खोक्यात मिळणारे क्रीम बहुधा २० ते २५ टक्के स्निग्धांशाचे असते. अतिउच्च तापमानावर क्षणभर तापवून ते बंदिस्त केलेले असते, म्हणून न उघडता महिनोन् महिने टिकते. खोके आदल्या रात्री फ्रीजमध्ये उभे ठेवावे आणि न हलवता उघडावे. दाट भाग वर आणि पाणीदार भाग तळाशी राहतो, व ज्याला जसे हवे तसे घेता येते. मखनीसाठी, सूपसाठी, पांढऱ्या सॉससाठी हेच क्रीम योग्य आहे. केकवर फुलवून लावण्यासाठी मात्र ते चालणार नाही, आणि त्यासाठी तासभर फेटीत बसलेल्या कित्येकींची निराशा मी पाहिली आहे.

फुलवण्याचे क्रीम निदान ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांशाचे हवे. फेटताना हवेचे बुडबुडे क्रीममध्ये शिरतात, आणि अर्धवट फुटलेले स्निग्धकण एकमेकांना चिकटून त्या बुडबुड्यांभोवती भिंत उभारतात. कण पुरेसे नसले तर भिंत अपुरी पडते, आणि कण उबेने वितळलेले असले तर ती उभीच राहत नाही. म्हणून क्रीम, भांडे आणि फेटणीची पाती ही तिन्ही चांगली गार असावीत, ४ ते ७ अंशांच्या दरम्यान. वैशाखात तर बर्फाच्या परातीत भांडे ठेवूनच फेटावे. वेग मध्यम ठेवावा. फेटणीच्या रेघा क्रीमवर उमटून राहू लागल्या की पिठीसाखर घालावी, त्याआधी नव्हे. यापुढचा मिनिटभराचा काळ सर्वांत जोखमीचा: क्रीम आकारमानाने जवळजवळ दुप्पट झालेले असते, पाते उचलले तर त्याच्या टोकाशी क्रीमचा शेंडा उभा राहून हलकेच वळतो, आणि त्याच क्षणी हात थांबला पाहिजे. आणखी थोडे फेटले तर ते रवाळ, पिवळसर दिसू लागते. अशा वेळी न फेटलेले दोन-तीन चमचे गार क्रीम घालून हाताने हलकेच कालवले तर ते बहुधा सावरते. पाणी सुटले असेल तर मात्र ते लोणी होऊ घातले आहे असे समजून पुढे लोणीच काढून घ्यावे, म्हणजे काही वाया जात नाही.

येथेच एका गोष्टीचा स्पष्ट खुलासा करणे मला जरूर वाटते. केकच्या सामानाच्या दुकानांत गोठवलेल्या खोक्यांतून जे ‘व्हिप टॉपिंग’ मिळते ते पुष्कळदा क्रीम नसतेच. घट्ट केलेली वनस्पतिजन्य चरबी, साखर, पाणी आणि स्थिरकारके यांचे ते मिश्रण असते. ते चटकन फुलते, उन्हाळ्यात उभे राहते, आणि स्वस्तही पडते, म्हणून व्यावसायिकांनी ते पत्करले यात त्यांना दोष देता येणार नाही. परंतु घरात लेकराच्या वाढदिवसाला आपण दुधाचा पदार्थ म्हणून जे वाढतो, ते दुधाचे आहे की नाही हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे. घटकांच्या यादीत ‘मिल्क फॅट’ आहे की ‘हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट’, एवढे वाचायला अर्धे मिनिट पुरते.

आता जाऊबाईंच्या त्या वाक्याकडे वळते. दुधातील केसीन हे प्रथिन पुरेशा आंबटपणात गोळा होते. पनीर करताना आपण लिंबू पिळतो ते याचसाठी. जितकी उष्णता अधिक, तितक्या थोड्या आंबटपणात हे घडते, म्हणून जे टोमॅटो कोमट असता निरुपद्रवी असतात तेच उकळत असता दूध फोडतात. क्रीममध्ये स्निग्धांश जितका अधिक तितके केसीन कमी, म्हणून दाट क्रीम फुटण्याला धीराने तोंड देते, पातळ क्रीम लवकर हार खाते, आणि प्रथिनांचे जाळे बाळगणारी साय सर्वांत जपून वापरावी लागते. यावरून व्यवहारात चार गोष्टी निघतात. मखनीसारख्या रश्श्यात टोमॅटो तूप सुटेपर्यंत शिजवून त्याची आंबटाई आधी मोडावी. आच बंद करून दोन मिनिटे थांबावे. क्रीम अथवा घोटलेली साय पळीभर रश्श्यात कालवून मग सोडावी. आणि त्यानंतर पदार्थ पुन्हा उकळू नये, गरम करायचा झाला तरी वाफ येईपर्यंतच करावा. काजूची पेस्ट किंवा चमचाभर पीठ रश्श्यात असले तर फुटण्याचे भय आणखी कमी होते. ताकाची कढी फाटू नये म्हणून तिला डाळीचे पीठ लावण्याचा आपला जुना दस्तूर याच ज्ञानावर उभा आहे. प्रमाणाबद्दल म्हणाल तर चौघांच्या मखनीला तीन-चार मोठे चमचे क्रीम पुष्कळ होते. त्याहून अधिक घातले की मसाल्याचे तोंड बांधले जाते, आणि उपाहारगृहांतल्या पुष्कळ रश्श्यांची चव एकसारखी लागते ती याच अतिरेकामुळे.

फळांबरोबर क्रीम वापरताना अननसाविषयी सावध असावे. कच्च्या अननसात दुधाची प्रथिने तोडणारे ब्रोमेलिन नावाचे द्रव्य असते. त्यामुळे क्रीम तासाभरात पातळ आणि कडवट होते. अननसाच्या फोडी साखरेच्या पाकात दहा मिनिटे उकळून, गार करून मग मिसळाव्यात, म्हणजे त्या द्रव्याचा अंमल संपतो. पपई आणि किवी यांचीही तीच तऱ्हा. महाबळेश्वर-पाचगणीकडची स्ट्रॉबेरी निर्धोक आहे. फक्त ती चिरून, साखर भुरभुरून सुटलेला रस निराळा काढावा आणि फळे निथळून मगच फुलवलेल्या क्रीमशी गाठ घालावी. चॉकलेटच्या गनाशला मात्र खोक्यातले २५ टक्क्यांचे क्रीमही बिनतक्रार चालते, कारण तेथे उभे राहण्याचा भार कोकोच्या चरबीवर असतो: वजनाने जितके गडद चॉकलेट तितकेच क्रीम, क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवून बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतावे, दोन मिनिटे हात न लावता ठेवावे, आणि मधून बाहेर अशा रीतीने ढवळावे.

परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींना वेगळ्याच नामावळीला तोंड द्यावे लागते. ब्रिटनमध्ये ‘सिंगल क्रीम’ १८ टक्के, ‘व्हिपिंग क्रीम’ ३५ टक्के, ‘डबल क्रीम’ ४८ टक्के. अमेरिकेत ‘हाफ अँड हाफ’ साडेदहा ते १८ टक्क्यांपर्यंत, आणि ‘हेवी क्रीम’ ३६ टक्के व त्याहून अधिक. तेथे मखनीला हेवी किंवा डबल घ्यावे, ते फुटत नाही. हाफ अँड हाफ चहा-कॉफीपुरतेच ठेवावे. परंतु या सर्वांत आपल्या सायीची खरी भगिनी शोधायची झाली तर ती डेव्हन आणि कॉर्नवॉल येथील ‘क्लॉटेड क्रीम’ होय. पसरट भांड्यांत दूध किंवा क्रीम कित्येक तास मंद उष्णतेवर ठेवून निववले जाते आणि वर जमणारा, सोनेरी सालीचा, निदान ५५ टक्के स्निग्धांशाचा थर उचलला जातो. पोळीवर साखर घालून खाल्ले तर डोळे मिटून घर आठवावे अशी त्याची चव असते. तुर्कस्तानातील म्हशीच्या दुधाचे ‘कायमाक’ याच कुळातले, आणि तेथे ते मधाबरोबर खातात.

फ्रान्सचे ‘क्रेम फ्रेश’ आणि अमेरिकेचे ‘सावर क्रीम’ ही विरजलेली क्रीमे आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणी महागड्या दुकानाची पायरी चढू नये असे मला मनापासून वाटते. घट्ट क्रीम कोमट करून त्यात चमचाभर ताजे, गोडसर दही मिसळून आठ-दहा तास उबेला ठेवावे आणि नंतर गार करावे. अगर गोडी साय घोटून तशीच विरजावी. आपले सायीचे दही ते हेच. साध्या दह्याहून त्यात स्निग्धांश कितीतरी अधिक असल्यामुळे ते गरम भाजीत सहजासहजी फाटत नाही, आणि कोंबडी अथवा पनीर मुरवत ठेवण्यासाठी तर त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

कोकण-गोव्याच्या स्वयंपाकात सायीची जागा नारळाच्या पहिल्या दाट रसाने घेतली आहे, आणि त्याचा कायदाही तोच आहे: दुसरा-तिसरा पातळ रस शिजवणीला, पहिला दाट रस अगदी शेवटी, आणि तो घातल्यावर खळखळून उकळी नाही, नाही तर तेल सुटते. दूध ज्यांना सोसत नाही त्यांच्या मखनीलाही हा रस चालतो, फक्त त्याचा स्वाद लपत नाही हे ध्यानात ठेवावे.

उघडलेले क्रीमचे खोके तीन दिवसांत संपवावे. ते शक्य नसेल तर बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवावे. असे क्रीम वितळल्यावर रवाळ होते व फुलवण्याच्या कामाचे राहत नाही, परंतु रश्श्याला किंवा सूपला चालते. विरजलेल्या सायीचे भांडे मात्र भरले की त्याच दिवशी घुसळावे. उन्हाळ्यात त्यात बर्फाचे पाणी घालावे आणि थंडीत कोमट, कारण स्निग्धांश फार मऊ असला तर लोणी जमत नाही आणि फार कठीण असला तर एकत्र येत नाही. रवीचा आवाज आधी जड, गपगप असा असतो. मग एकाएकी तो हलका आणि पाणीदार होतो, आणि ताकावर लोण्याचे दाणे तरंगू लागतात. ते दाणे गोळा करून पाणी नितळ निघेपर्यंत तीनदा धुवावेत, म्हणजे तूप कढवताना करपत नाही आणि टिकते. लोणी मंद आचेवर ठेवावे, फेस बसून तूप सोनेरी, पारदर्शक झाले आणि तळाशी बेरी तांबूस दिसू लागली की लगेच उतरवावे, कारण पातेल्याची ऊब उरलेले काम करते. तूप गाळून घेतल्यावर आमची आजी त्या गरम पातेल्यात चमचाभर साखर टाकीत असे, सुरीच्या पाठीने बेरी खरवडून ती साखरेशी कालवीत असे, आणि ताज्या पोळीच्या चतकोरावर ती पसरून आम्हा मुलांना ओळीने बसवून वाटीत असे.